आसावरीची चाल

गुरुनाथ आरवाडेच्या बायकोला काहीही विचारलं तरी ती म्हणायची, "चालेल." आज पोळ्या नकोत, विकतची खुबूस रोटीच आणू का? चालेल. ऑफिसचं काम निघालंय, गुरुवारच्या सुट्टीतलं बाहेर जाणं रद्द करू का? चालेल. या सुट्टीत भारतात नको, पुढच्या सुट्टीत जाऊ? तेही चालेल. आता मराठी माणसाला वेगळं सांगायला नको की 'चालेल' म्हणजे 'हो' नव्हे. 'बरं वाटतंय' पासून 'करा एकदाचं काय करायचं ते' पर्यंत त्याचा काहीही अर्थ निघू शकतो, आणि कोणता निघतो हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं असतं. गुरुनाथ तोंडाकडे बघायचा नाही. त्याला तो होकारच वाटायचा, आणि तसं वाटणं त्याच्या सोयीचंही होतं. एक्स-रे मशीनचा आवाज जरा बदलला की कान टवकारणारा हा माणूस, बायकोच्या आवाजापुढे मात्र अगदी ठोंब्या होता.

ही गोष्ट २००६ सालच्या मार्च महिन्यातली. रियाधच्या मलाझ भागात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गुरुनाथ, आसावरी आणि सहा वर्षांची स्मृती असं तिघांचं बिऱ्हाड होतं. गुरुनाथ हॉस्पिटलांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होता. एके दिवशी त्याचा मॅनेजर मुस्तफा, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या मनाचा इजिप्शियन माणूस, त्याला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "रियाधचं सर्व्हिस सेंटर खलास! कंपनी बंद करतेय." मग गुरुनाथचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने पुढचं सांगितलं. नोकरी जात नव्हती, फक्त गाव बदलायचं होतं. पूर्वेला समुद्रकाठी अल-खोबरला कंपनीचं मोठं वर्कशॉप होतं, तिथे जागा होती. नाहीतर उत्तरेला बुरैद्याला नवं काम मिळालं होतं, तिथे गुरुनाथच प्रमुख झाला असता. पगार सारखाच. "दोन्ही गावं बघून ये, आणि पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी मला सांग," मुस्तफा म्हणाला. "एकदा सांगितलंस की मग बदलता येणार नाही."

रियाधमधल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींचं यावर एकमत झालं, आणि असं एकमत त्यांच्यात गणपतीच्या वर्गणीवरूनही कधी झालं नव्हतं. खोबरच! खोबरला समुद्र, खोबरला मॉल, खोबरला आपली चाळीस कुटुंबं, आणि कंटाळा आला तर पूल ओलांडून बहारीन. बुरैद्याला काय आहे? खजूर. आणि इतकं कडक गाव, की बायकांनी डोळ्यांखेरीज काही उघडं ठेवायचं नाही. "बुरैद्याला बायको घेऊन कोणी जातं का?" असं एकाने विचारलं तेव्हा बाकीचे हसले होते, आणि गुरुनाथही हसला होता.

त्या संध्याकाळी त्याने आसावरीला विचारलं, "काय गं, खोबर की बुरैदा?"

ती कणीक मळत होती. "कुठेही चालेल," ती म्हणाली.

एरवी गुरुनाथने हे ऐकलं असतं आणि टीव्ही लावला असता. पण त्या दिवशी रिमोट त्याच्या हातातच राहिला. कारण आदल्याच दिवशी तो जरा लवकर घरी आला होता, दार उघडून बूट काढत होता, आणि आत आसावरी फोनकार्ड लावून सांगलीला भावाशी बोलत होती. "स्मृतीच्या ॲडमिशनचं बघून ठेव. जूनमध्ये येतोच आम्ही दोघी. यांना मी सांगते नंतर." गुरुनाथने बूट पुन्हा पायात घातले, खाली जाऊन बिल्डिंगला दोन चकरा मारल्या आणि आत्ताच आल्यासारखा पुन्हा वर आला.

दोघी जूनमध्ये जाणार म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्याच्या शेजारच्या टेबलावर रत्नागिरीकडचा उस्मान बसायचा. उस्मानची बायको मुलांच्या शाळेसाठी गावी गेली ती एका वर्षापुरती. त्याला चार वर्षं झाली. उस्मान आता पाच जणांत मिळून एका खोलीत राहायचा, हॉटेलची डाळ खायचा, आणि फोनवर त्याचा धाकटा मुलगा त्याला 'रियाधवाले अब्बा' म्हणायचा. जणू बाकी दोन-तीन गावांतही त्याला अब्बा होते. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. नुसतं एक वर्ष, मग आणखी एक वर्ष. गुरुनाथला त्याची धास्ती होती. बायको आणि पोरगी जवळ नसलेलं घर त्याला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

मग सरळ विचारायचं ना? पण ते त्याच्याने होईना. विचारलं आणि ती 'हो, जातेय' म्हणाली तर? त्यापेक्षा तिला असं एखादं गाव दाखवावं की ती आपणहून म्हणेल, अहो, इथेच राहू या. आणि असं गाव म्हणजे खोबर. हुकमाचा एक्काच होता तो. गुरुनाथने मनातल्या मनात पानं पिसली.

पुढच्याच गुरुवारी तिघं खोबरला गेली. तिथे गुरुनाथचा कॉलेजातला मित्र सुमीत राहायचा. सुमीत आणि सरोज यांनी पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. दुपारी श्रीखंड झालं, संध्याकाळी सुमीतने सगळ्यांना गाडीत घालून समुद्रावर नेलं. लांबच लांब किनारा, हिरवळ, खजुरीची झाडं, झोपाळे. स्मृती घसरगुंडीवरून उतरायलाच तयार नव्हती. "पप्पा, आय वॉन्ट टु लिव्ह हिअर!" तिने जाहीर केलं. गुरुनाथने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती वाऱ्याने उडणारा स्कार्फ सावरत पाण्याकडे बघत उभी होती.

"सरोज, तुमच्या घरून इथवर चालत किती वेळ लागतो गं?" तिने विचारलं.

सरोज हसायलाच लागली. "चालत? मधे तो केवढा हायवे आहे, बघितलास ना? इथे कोण चालतं! सुमीतला वेळ असला की येतो आम्ही. महिन्यातून एकदा तरी होतंच."

"अच्छा," आसावरी म्हणाली.

परतीच्या वाटेवर गुरुनाथने मोठ्या आशेने विचारलं, "मग? कसं वाटलं खोबर?"

"छान आहे," आसावरी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "चालेल."

गुरुनाथने स्टिअरिंगवर हात आपटला नाही, एवढंच. हुकमाचा एक्का पडला होता आणि हात काही आला नव्हता.

दोन दिवस तो खट्टू होता. मग त्याच्या डोक्यात एक नामी युक्ती आली. जागा दाखवणारे दलाल काय करतात? आधी एक अंधारी, कोंदट खोली दाखवतात, म्हणजे दुसरी बरी खोली राजवाडा वाटते. आपण खोबर आधी दाखवलं, तिथे चुकलो. आता हिला बुरैदा दाखवायचं. एकदा तोंड झाकून त्या गावात तासभर बसली की खोबरचा समुद्र हिला आपोआप आठवेल. बेत पक्का झाला. मुस्तफाने दोन्ही गावं बघायला सांगितलंच होतं, त्यामुळे निमित्तही आयतं होतं. उस्मानचे चाचा, हुसेनमियाँ, बुरैद्याला बरीच वर्षं किराणा दुकान चालवत होते. उस्मानने त्यांना फोन करून ठेवला.

पुढच्या गुरुवारी सकाळी रियाध सोडल्यापासून गुरुनाथने बुरैद्याची भीती घालायला सुरुवात केली. "फार कडक गाव आहे हं," तो म्हणाला. "मुतव्वे, म्हणजे धर्मपोलीस, फिरत असतात. कोणी कसं वागतं, काय नेसतं, सगळ्यावर नजर."

"हं."

"आपलं मराठी माणूस औषधाला नाही. उन्हाळ्यात तर नुसती भट्टी."

"हं."

"शाळा आहे, पण छोटीशी."

"अहो, मग आपण चाललोय कशाला?" आसावरीने विचारलं. यावर गुरुनाथने गाणी लावली.

हुसेनमियाँचं घर जुन्या बाजाराला लागून, दुकानाच्याच वर होतं. गृहस्थ उंच, पांढऱ्या दाढीचे, आणि त्यांच्या पत्नी शरफुन्निसा ठेंगण्या, गोऱ्या, बोलण्याला खळ नसलेल्या. जेवणात सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. वाळवंटाच्या मध्यावर तांदळाची भाकरी बघून आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गुरुनाथला जरा काळजी वाटली. बेतात भाकरी धरलेली नव्हती. पण पुढे सगळं ठीक होणार होतं. जेवण झाल्यावर तो बैठकीतल्या गादीवर लोडाला टेकला, आणि कालवण जड झाल्यामुळे म्हणा किंवा रात्रीची झोप कमी झाल्यामुळे म्हणा, घोरायला लागला.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली, दुकानांची शटरं पुन्हा वर गेली, तेव्हा शरफुन्निसा आसावरीला म्हणाल्या, "काय गो बाय, सकालपासून गाडीत बसून पाय आखडलं नाय? चल माझ्यासंगती. मला भाजी आणायची हाय."

"आपण दोघीच?" आसावरीने विचारलं. "चालत?"

"मग काय, भाजीला इमानानं जातात?"

स्मृती त्यांच्या नातीबरोबर, तस्नीमबरोबर, भातुकली मांडून बसली होती. आसावरीच्या अंगात काळा बुरखा होताच; शरफुन्निसांनी स्वतःचा एक काळा नकाब तिच्या तोंडावर बांधला, गाठ नीट बसली का ते पाहिलं, आणि दोघी जिना उतरल्या. हे सगळं गुरुनाथला नंतर कळलं.

तो जागा झाला तेव्हा घरात सामसूम होती. खाली दुकानात हुसेनमियाँ साबणाच्या वड्या लावत होते.

"आसावरी कुठंय?"

"बाजारात गेल्यात दोघी."

"केव्हा?"

"झाला की बराच येळ."

गुरुनाथची झोप खाडकन उतरली. आसावरीजवळ मोबाइल नव्हता. घरी फोन आहेच की, तुला कुठे जायचं असतं, असं म्हणून त्याने तो कधी घेतलाच नव्हता. तिचं नाव त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, आणि इकामा त्याच्या खिशात. म्हणजे त्या क्षणी बुरैद्याच्या बाजारात त्याची बायको कोण, कुठली, कोणाची, हे सांगणारा एक कपटाही तिच्याजवळ नव्हता. अरबी तिला दहा-बारा शब्दांच्या वर येत नव्हतं. कोणी अडवलं तर?

"अवो, बसा. चाय घ्या," हुसेनमियाँ म्हणाले. "माझी बायको हाय ना तिच्याबरोबर. ती एकदा बाहेर पडली की मगरिबच्या नमाजाच्या आत काय घरला येत नाय."

पण गुरुनाथ चहा घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याने भातुकलीतून स्मृतीला उचललं. पोरगी आईला लगेच ओळखेल, असा त्याचा हिशेब. ती रडकुंडीला आली, तरी तिचा हात धरून तो बाजारात शिरला.

आणि तिथे जाऊन त्याला कळलं की आपण काय करून बसलो आहोत. बाजार बायकांनी भरला होता. एकट्या, दुकट्या, घोळक्याने. भाजीच्या पाट्यांपुढे वाकलेल्या, कापडाच्या दुकानांत शिरलेल्या, तर काही स्वतःच जमिनीवर मांडी ठोकून मसाले आणि मेंदी विकायला बसलेल्या. आणि सगळ्या डोक्यापासून पायापर्यंत काळ्या बुरख्यात. यातली आपली कोणती? बायकांकडे टक लावून बघायची तर सोय नाही. बघितल्याशिवाय ओळखायचं कसं? गुरुनाथ मान खाली घालून चोरासारखा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत पुढे सरकू लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

त्याने डोकं चालवायचा प्रयत्न केला. आसावरी मध्यम उंचीची. आसावरी हळू चालते. घरातून गाडीपर्यंत, गाडीतून मॉलपर्यंत, नेहमी त्याच्या दोन पावलं मागे, पाय ओढत. 'चल गं लवकर' असं त्याला दर वेळी म्हणावं लागायचं.

समोरच्या गल्लीतून एक बाई येत होती. हातात जुड्यांनी भरलेली पिशवी, पाठ ताठ, ढांगा लांब, मोकळा हात झुलवत, गर्दीतून वाट काढत अशी झपाझप येत होती की माणसं बाजूला होत होती.

"पप्पा, वो मम्मा!" स्मृती म्हणाली.

"छे गं. मम्मा अशी चालते का कधी?" गुरुनाथने तिला बाजूला ओढलं आणि अदबीने मान वळवून त्या बाईला वाट दिली. ती अगदी जवळून गेली. तिच्या पिशवीतल्या मेथीचा वास त्याला आला.

"पप्पा, सच्ची, मम्माही थी!"

"गप्प बस. ती बघ मम्मा." कारण त्याला आता खरोखरच आसावरी दिसली होती. कांद्यांच्या ढिगापाशी, मध्यम उंचीची, जरा वाकलेली, दमल्यासारखी एकेक पाऊल टाकत चाललेली. पिशवीसुद्धा तिला जड होत होती. गुरुनाथला इतकं हायसं वाटलं की सगळी सावधगिरी विसरून तो तिच्यामागे गेला आणि म्हणाला, "अगं काय हे! किती वेळ! जीव जायची वेळ आली माझ्यावर!"

ती बाई गर्रकन वळली. नकाबाच्या फटीतून साठीचे, सुरमा घातलेले, संतापलेले दोन डोळे त्याच्यावर रोखले गेले. मग अरबी भाषेचा जो पट्टा सुटला, त्यातला एकही शब्द गुरुनाथला कळला नाही, आणि कळायची गरजही नव्हती. कांदेवाला हातातलं वजन घेऊनच उठला. दोन-तीन माणसं वळून उभी राहिली.

"आसिफ! आसिफ!" गुरुनाथ दोन्ही हात जोडून म्हणाला. अरबीत त्याला 'माफ करा' तेवढंच येत होतं.

"पप्पा, आसिफ कौन है?" स्मृतीने विचारलं.

आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागून हसू आलं. दाबून दाबूनही न दबलेलं, खळखळून फुटलेलं हसू. ते त्याने ओळखलं, पण किती दिवसांनी ऐकलं ते त्याला आठवेना. शरफुन्निसा कुठूनशा धावत आल्या. त्यांनी त्या म्हातारीचा हात धरून भराभरा अरबीत काहीतरी सांगितलं, गुरुनाथकडे आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे बोट दाखवलं. म्हातारीने ऐकून घेतलं, गुरुनाथला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, आणि ती कांदेवाल्याला काहीतरी बोलली. कांदेवाला एवढा हसला की त्याला वजन खाली ठेवावं लागलं.

गुरुनाथ मागे वळला. मेथीची पिशवी घेतलेली, ताठ पाठीची ती मघाची बाई समोर उभी होती.

"तुम्ही मला वाट दिलीत," आसावरी म्हणाली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "मान वळवून. मला वाटलं गंमत करताय. मग बघितलं तर तुम्ही त्या आजीबाईंच्या मागे. अहो, तुम्ही मला ओळखलंच नाहीत."

आत्ता, ती तशी समोर उभी असताना, गुरुनाथला एकदम सांगली आठवली. लग्न ठरल्यावर मोठ्यांनी दोघांना फिरायला पाठवलं होतं. कृष्णेच्या घाटावरून ही अशीच सुटली होती, ढांगा टाकत, हात झुलवत, बोलत. आयर्विन पुलाच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत त्याला धाप लागली होती आणि ती विचारत होती, दमलात? शाळेत शिकवायला ती रोज चालत जायची, चालत यायची. त्या चालीवर भाळूनच तर त्याने होकार दिला होता. आणि ती चाल समोरून आली तर त्याने पोरीला बाजूला ओढलं. त्याला फार वाईट वाटलं. एवढं वाईट त्याला ते फोनवरचं बोलणं ऐकूनही वाटलं नव्हतं.

शरफुन्निसा शहाण्या होत्या. "मी पोरीला घेवन फुडं होते," असं म्हणून त्यांनी स्मृतीला उचललं आणि त्या निघून गेल्या. नवरा-बायको गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली.

"मी एकटी गेले होते," आसावरी म्हणाली. "शरफुन्निसाभाभी शिंप्याकडे बसल्या, म्हणाल्या, तू हो पुढं. मी तीन गल्ल्या गेले. चुकले. परत आले. एका बाईकडून मेथी घेतली, ती तेवढ्या पैशांत चार जुड्या म्हणत होती, मी बोटं दाखवून पाच घेतल्या. कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग एका दमात म्हणाली, "अहो, मला इथे राहायचंय."

"इथे? बुरैद्याला?"

"हो."

गुरुनाथची युक्ती अशी त्याच्याच अंगावर उलटली होती. त्याने तरी हातपाय मारून पाहिले. "अगं, पण हे तोंडावरचं? रोज?"

"ते नाही आवडलं मला. गुदमरायला होतं. उन्हाळ्यात तर जीव नकोसा होईल, मला कळत नाही का?" तिने नकाब बोटाने जरा पुढे ओढून श्वास घेतला. "पण रियाधला तोंड उघडं ठेवून मी बघते काय? समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या. तुम्ही सहाला येता, मग जेवण, मग झोप. गुरुवारी तुम्हाला जमलं तर मी जिना उतरते. तुम्ही म्हणता, चल लवकर. चालायची सवयच गेली तर लवकर कुठून चालू?"

"खोबरला समुद्र आहे."

"समुद्र आहे. सुमीतभावजींना वेळ असला की आहे."

"इथे आपलं कोणी नाही."

"भाभी आहेत. आणि मला माणसं नकोत हो आधी, मला रस्ता हवाय. घरातून निघून कुठेतरी पोचता येईल असा." ती त्याच्याकडे वळली. "जूनमध्ये मी जाणार होते. स्मृतीला घेऊन. तुम्हाला सांगायचं होतं."

"माहीत आहे मला," गुरुनाथ म्हणाला. "मी ऐकलं होतं फोनवर."

तिने मान वर केली. नकाबातून फक्त डोळे दिसत होते, आणि तोंड दिसत नसल्यामुळे असेल, पण गुरुनाथने कितीतरी दिवसांनी ते डोळे नीट पाहिले.

"मग विचारलं का नाहीत?"

"तू हो म्हणाली असतीस म्हणून."

"म्हणाले असते," ती म्हणाली. "त्या दिवशी म्हणाले असते." आणि मग, "नुसतं गावाला जायचं म्हणून नव्हतं हो ते. तिथे निदान मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तरी जाते. तुम्हाला सोडून जायचं माझ्या मनात नव्हतं. पण तसंच झालं असतं, नाही का?"

"तसंच होतं," गुरुनाथ म्हणाला. भर बाजारात बायकोचा हात धरायची सोय नव्हती, म्हणून त्याने तिच्या हातातली मेथीची पिशवी घेतली.

खरं सांगायचं तर गुरुनाथला बुरैदा अजिबात आवडलं नव्हतं. मित्र सुटणार होते, गणपतीतली मैफल सुटणार होती, आणि रियाधची मंडळी ऐकल्यावर पोट धरून हसणार होती, हेही त्याला दिसत होतं. त्याने ते बोलूनही दाखवलं. "मला इथे नाही करमणार गं," तो म्हणाला. "खरंच नाही करमणार."

"मग तसं रोज सांगत जा मला," आसावरी म्हणाली. "मीही सांगत जाईन, मला काय नको ते. भांडू. पण एक वर्ष तिघंही इथे राहू."

एक वर्ष. उस्मानच्या बायकोचा तोच शब्द. पण ही 'तिघंही' म्हणाली होती. गुरुनाथने तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला.

सूर्य बुडत आला होता, मगरिबची वेळ होत आली होती. दुकानदार माल आत घेऊ लागले होते. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच उभं राहून मुस्तफाला लावला. शनिवारपर्यंत थांबलो तर चार जणांचं ऐकू आणि कच खाऊ, एवढं त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

"बुरैदा?" मुस्तफा पलीकडून ओरडला. "या अखी, अरे भावा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी तर खोबरचे कागद करायला घेतले होते!"

"बुरैदा," गुरुनाथ म्हणाला. "नक्की."

"नंतर रडत येऊ नकोस. बायकोला पटवून सांगितलंस ना सगळं?"

गुरुनाथने मान वर केली. आसावरी शेजारी नव्हती. त्याचं बोलणं संपायची वाट न बघता ती केव्हाच निघाली होती, गल्लीच्या मध्यावर पोचली होती, ताठ पाठीने, मोकळे हात झुलवत. तशा आणखी चार-पाच काळ्या बुरख्यातल्या बायका त्या गल्लीत होत्या, पण आता त्याला शोधावं लागलं नाही.

"मी ठेवतो, मुस्तफा," तो म्हणाला. "ती फार पुढे गेलीय."

आणि मेथीची पिशवी काखोटीला मारून तो तिला गाठायला निघाला.